मध्यंतरापर्यंतची भीती

आजवर जे काही टुकार चित्रपट निघाले, त्यांतल्या एकात माझे वडील आहेत. त्यांना संवाद नाही, हालचाल नाही, श्वासही नाही. ते भिंतीवरच्या फोटोत आहेत आणि त्या फोटोला चंदनाचा हार आहे. चित्रपटाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर तुम्ही तो फोनवर शोधाल, पाहाल, आणि हल्लीच्या पद्धतीप्रमाणे तुम्हाला तो आवडेल.

मी इतकी खवट का, असं पुष्कळ जण विचारतात. मंडीदीपच्या एका कारखान्यात मी तयार माल तपासते. खोट काढण्याचाच पगार मिळतो, आणि घरी आल्यावर ती सवय चपलांबरोबर दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. त्यामुळे या चित्रपटाबद्दल मी जे सांगेन ते जरा कमी करून घ्या. पण फार कमी करू नका.

मी शाळेत होते तेव्हाची गोष्ट. आम्ही तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. आजोबा नागपूरहून कचेरीबरोबर भोपाळला आले होते, आणि वडीलही पुढे तशाच एका कचेरीत चिकटले. त्यांना नाटकाचा भारी सोस. गणपतीत आमच्या मराठी मंडळाचं नाटक व्हायचं, त्यात ते दरवर्षी डॉक्टर असत. दुसऱ्या अंकात यायचं, पेशंटची नाडी बघायची, मान हलवायची आणि निघून जायचं. एवढ्या भांडवलावर ते स्वतःला नट समजत.

त्या वर्षी मुंबईहून एक कंपनी भुताचा चित्रपट काढायला भोपाळात आली. कंपनी म्हणजे एक कॅमेरा, एक थकलेली नायिका, एक जनरेटर आणि लाल-निळे दिवे. तलावाकडची एक पडकी कोठी त्यांनी भाड्याने घेतली होती. सामानाची बोंब असल्यामुळे ते मंडळाकडे आले आणि सतरंज्या, समया, पितळी भांडी असं जे मिळेल ते उचलून घेऊन गेले. त्यांचा सामान जमवणारा माणूस मराठी निघाला, म्हणजे ओघाने आमच्याकडे जेवायला आला. पोळ्यांवर ताव मारता मारता त्याने कथा सांगितली. एक बाई. नवरा नुकताच वारलेला. कोठीत ती एकटी. भिंतीवर नवऱ्याचा फोटो. रात्री फोटोतून त्याचा आवाज येतो, जिन्यावर त्याची पावलं वाजतात, आणि बाई हळूहळू भ्रमिष्ट होत जाते.

पंचाईत एकच होती. फोटो पहिल्या दिवसापासून लागणार होता आणि नवऱ्याचं काम करणारा नट शेवटचे दोन दिवसच मुंबईहून येणार होता, कारण तो रोजावर होता. मग फोटो कुणाचा लावायचा? हे बोलता बोलता त्या माणसाची नजर आमच्या भिंतीवर गेली. तिथे वडिलांचा, नोकरीत कायम झाले तेव्हा स्टुडिओत काढलेला फोटो होता. वडिलांनी पुढचं ऐकूनही घेतलं नाही. हात पुसले आणि फोटो खिळ्यावरून काढून दिला. आई स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती. नवऱ्याचा फोटो सिनेमात जाणार एवढंच तिला कळलं, आणि चार दिवस ती शेजारणींना ते सांगत हिंडली.

चित्रपट लागला तेव्हा आम्हाला पास मिळाले. तुलसी नगरातली सगळी मराठी घरं लोटली होती. आईने लग्नातला शालू नेसला. दिवे गेले, पडद्यावर गडगडाट झाला, पांढऱ्या साडीतली नायिका समई घेऊन आली आणि तिने समई जिथे ठेवली तिथे माझे वडील होते, हारासकट. मंडळाच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या. वडिलांनी उठून सगळ्यांना नमस्कार केला. आईने मंगळसूत्र मुठीत धरलं ते मध्यंतरापर्यंत सोडलं नाही. तेवढ्या वेळात तो फोटो किती वेळा दिसला कुणास ठाऊक. दिग्दर्शकाला घाबरवण्याचा दुसरा उपायच माहीत नव्हता. जरा कुठे काही वाजलं की फोटो.

मध्यंतर झालं तशी आई उठली. माझा हात धरला आणि टेंपोत बसून आम्ही घरी आलो. वडील शेवटपर्यंत थांबले. त्यांना त्यांचं काम आवडलं होतं.

जित्याजागत्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. चुकून घातला तर माणूस जातो, असं आईला वाटतं हे आम्ही धरूनच चाललो. तिने फोटो परत येताच कपाटात पालथा ठेवला. घरातल्या एकाही भिंतीवर वडिलांचा फोटो पुन्हा लागला नाही. आम्हा भावंडांच्या लग्नांच्या अल्बममध्येही ते कडेला, अर्धे कापलेले. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी त्यांच्या गळ्यात हार घातला, तर आईने फोटोवाल्याच्या आधी स्टेजवर चढून तो काढला. वडिलांना यायला उशीर झाला की ती दारात उभी. त्यांना साधा खोकला झाला तरी तिच्या जिवाचं पाणी.

वडील यावर हसत. मी एकदा मरून आलोय, आता कोण नेतो मला, हा त्यांचा पेटंट विनोद होता. पाहुण्यांसमोर तर हटकून व्हायचा. चित्रपटात शेवटी नवरा जिवंत निघतो, असंही ते आईला सांगत. पण ते दात काढत सांगत, आणि वडील दात काढत जे सांगतात त्यावर आमच्या घरात कुणी विश्वास ठेवत नाही. मला दोघांचाही वैताग यायचा. एकाला अक्कल नाही आणि दुसरीला त्याच्यावाचून जग नाही, असं माझं स्वच्छ मत होतं. चित्रपटाचा पुढचा भाग बघावा असं मला कधीही वाटलं नाही. अर्धा बघितला तोच खूप होता.

आता वडिलांनी ऐंशी ओलांडली आहे, आईही फार मागे नाही. कोलार रोडवरच्या फ्लॅटमध्ये दोघं राहतात, वरच्या मजल्यावर मी. कुणीतरी तो चित्रपट इंटरनेटवर चढवला. वडिलांना फोनवर तो सापडला आणि त्यांनी खाली हिंदीत लिहिलं, की हा फोटो माझा आहे आणि मी अजून आहे. त्यावर हजारो लोकांनी हसण्याच्या खुणा टाकल्या. वडिलांना ती दाद वाटली.

मग एका मुलीचा मला फोन आला. इथलीच, मराठी घरातली. तिचं म्हणणं असं:

"काकू, तुम्हाला आयडिया नाहीये, अंकलचा तो फोटो ना, एकदम कल्ट आहे. आम्ही संडेला स्क्रीनिंग ठेवलीये, सगळे त्यांना मिलायला वेट करतायत. आणा ना प्लीज."

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी वडिलांना पेसमेकर बसवायचं नक्की केलं होतं. ऑपरेशन काही मोठं नाही, पण त्यांच्या वयात लहानही नाही. आईची झोप उडाली होती. ऑपरेशनच्या तोंडावर तो अवलक्षणी सिनेमा बघायला जायचं नाही, असं ती म्हणाली. वडिलांनी नवा सदरा इस्त्रीला टाकला. त्यावर आई म्हणाली, मग मीही येते. तिला सिनेमा बघायचा नव्हता. वडिलांना डोळ्यांआड होऊ द्यायचं नव्हतं, एवढंच.

अरेरा कॉलनीतल्या एका कॅफेत संध्याकाळी हा सोहळा होता. तिथल्या दहा-बारा जणांनी वडिलांचा फोटो छापलेले टीशर्ट घातले होते, छातीवर हारासकट. आई दारातच थबकली. इतकी वर्षं जो फोटो तिने पालथा घातला होता तो पोरांच्या अंगावर हसत-खेळत फिरत होता. वडिलांबरोबर फोटो काढायला रांग लागली. एकाने तर खरा झेंडूचा हार आणला होता. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने तो पिशवीत परत कोंबला.

सुरुवातीला केसांची शेंडी बांधलेला एक तरुण बोलला. या चित्रपटातली भीती बाहेरची नाही, मनातली आहे. भूत नाहीच, आहे ती नजर. फोटोची नजर बाईचा पाठलाग करते, आणि खोलीत कुठेही बसलं तरी तो आपल्याचकडे बघतो असं वाटतं. मी कपाळाला हात लावला. माझ्या वडिलांचा डावा डोळा जन्मापासून जरा तिरळा आहे. दोन डोळे दोन दिशांना बघतात, म्हणून सगळ्यांना वाटतं आपल्याकडेच बघतोय. याच्यावर त्या तरुणाने अर्धा तास घेतला. वडील मान डोलवत होते.

चित्रपट सुरू झाला. मला जेवढा आठवत होता त्याहून वाईट होता. आवाज नंतर भरलेले, त्यामुळे नायिकेचं तोंड आधी उघडतं आणि किंकाळी मागाहून येते. वटवाघूळ दोरीला बांधलेलं. फोटोमागून एक काळी वायर भिंतीवरून खाली उतरते, ती पहिल्याच दृश्यात दिसते, आणि मला वाटलं हे त्यांच्या गलथानपणाला शोभून आहे. प्रत्येक फोटोला पोरं टाळ्या वाजवत होती. आई माझ्या शेजारी ताठ बसली होती, मांडीवर पर्स.

पडद्यावर मध्यंतर अशी पाटी आली. कॅफेत कुणी उठलं नाही, पाटी जुन्या प्रतीत होती म्हणून आली इतकंच. मी आईला हळूच विचारलं, निघायचं का? ती म्हणाली, "बस." आणि पर्स खाली ठेवली.

पुढचं मी प्रथमच पाहत होते, तीही. बाई घाबरून घाबरून शेवटी दमते. मग एका रात्री फोटोतून आवाज येऊ लागतो, तेव्हा पळण्याऐवजी ती स्टूल घेते आणि फोटो उतरवते. मागे लाउडस्पीकर. ती वायर गलथानपणाची नव्हती, कथेतलीच होती; या एका गोष्टीत मी हरले. बाई वायर उपटते, दिवा मालवते आणि हातात चिमटा घेऊन जिन्यावर बसून राहते. पावलं वाजतात, नवरा येतो. तो मेलेलाच नसतो. बायकोला वेडी ठरवायचं आणि कोठी बळकवायची असा त्याचा बेत, कारण कोठी तिच्या बापाने तिच्या नावावर केलेली असते. आता नट वेगळा, फोटो माझ्या वडिलांचा, मिशा नटाला नाहीत, फोटोला आहेत. नायिका विचारते, कौन हो तुम? तो म्हणतो, प्लास्टिक सर्जरी. कॅफे हसून हसून लोळला. मीसुद्धा हसले. मग तो तिच्यामागे गच्चीवर धावतो आणि तिच्यासाठी स्वतःच सांडून ठेवलेल्या तेलावरून घसरून खाली पडतो. सकाळ होते. बाई त्याच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढते, फाटकाला कुलूप लावते आणि टांग्यात बसून निघून जाते. समाप्त.

टाळ्या थांबल्यावर वडिलांना पुढे बोलावलं. त्यांनी मरून आल्याचा विनोद केला आणि तो उचलला गेला, तेव्हा पुन्हा केला. फोन करणाऱ्या त्या मुलीने आईलाही विचारलं, काकू, डर वाटला का? भाव विचारून काहीच न घेता निघालेल्या गिऱ्हाइकाकडे भाजीवाली बघते तसं आईने तिच्याकडे पाहिलं आणि पर्स उचलली.

परत येताना मी गाडी चालवत होते. हबीबगंजच्या पुलाजवळ गर्दी होती. स्टेशनचं नाव बदललं तरी आमच्यासाठी ते हबीबगंजच. वडील पुढे बसून उद्या कुणाकुणाला काय सांगायचं याची उजळणी करत होते. मागून आई म्हणाली,

"कोठी तिच्या नावावर होती."

वडील म्हणाले, हो ना, त्याशिवाय कथा कशी होणार?

"आपला फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?"

वडील हसले. मग हसणं एकटंच राहिलं म्हणून थांबले, आणि म्हणाले, माझ्या नावावर, म्हणजे आपलाच. ऑपरेशन चार दिवसांवर आलंय आणि तुला हे सुचतंय? मी मरायची वाट बघतेस का?

आई शांतपणे बोलली. ती रडेल असं मला वाटलं होतं.

"मरू नका. कोण म्हणतं मरा म्हणून? तो सिनेमा लागला त्या वर्षी आपल्या बाजूच्या क्वार्टरमधले भाऊजी गेले. आठवतं का? वहिनींना क्वार्टर खाली करायला लागलं. पोरांना घेऊन वर्ध्याला भावाकडे गेल्या, तिथे सगळ्या घराच्या पोळ्या लाटायच्या. मी नववी शिकलेली. मला भोपाळात कोण होतं? तुमचा हार घातलेला फोटो पाहिला तर मला भूत नाही दिसलं. मला सामान दिसलं आपलं, रस्त्यावर काढलेलं. मी रोज त्याच भीतीत निजायची. आणि तुम्ही हसून राहिले होते."

वडील म्हणाले, तू कधी बोलली नाहीस.

"तुम्ही कधी विचारलं?"

मला राग आला. स्वतःचा नाही, तो येण्याचा माझा स्वभाव नाही. वडिलांचा आला, कारण त्यांना जो विनोद वाटत होता त्यावर आईने सगळा संसार भीत भीत काढला होता. आणि त्या टुकार चित्रपटाचाही आला. जे सांगायला तिच्या घरात कुणी नव्हतं ते त्याच्या दुसऱ्या अर्ध्यात होतं, आणि तो अर्धा इतकी वर्षं वडिलांनी एकट्याने बघून ठेवला होता. बाई वाचली ती भूत खोटं निघालं म्हणून नव्हे. तिला जायला स्वतःचं फाटक होतं म्हणून. मनातल्या भीतीवर तो शेंडीवाला एवढं बोलला, त्यात हे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी चहा घेतला नाही. फुगून बसले. जे माणूस आयुष्यभर दुसऱ्याच्या भीतीवर हसतं, त्याला स्वतःवर कुणी हिशेबीपणाने बघितलेलं अजिबात खपत नाही, असं माझं निरीक्षण आहे. संध्याकाळी त्यांनी मला ओळखीच्या वकिलाला फोन लावायला सांगितला, आणि ऑपरेशनच्या आधी फ्लॅटवर आईचं नाव चढवायची सगळी व्यवस्था झाली. आईने त्यांना धन्यवाद दिले नाहीत. रात्री वांग्याची भाजी केली, त्यांना आवडते तशी. त्या रात्री ती गाढ झोपली. भिंतीपलीकडे तिचं घोरणं ऐकून वडील जागे राहिले, असं त्यांनी मला सकाळी तक्रारीच्या सुरात सांगितलं.

ऑपरेशनच्या दिवशी मी दोघांना घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले. वडिलांचे हात गार होते. त्यांना आत नेताना ते मान वळवून आईला शोधत होते. आई त्यांच्याजवळ गेली, चादर नीट केली, कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाली, या लवकर.

ते आत गेले. एरवी वडिलांचा साधा एक्सरे असला तरी आई पाण्याचा घोट घेत नसे. ते बाहेर येईपर्यंत ओठ हलत राहायचे, आणि नंतर तिलाच चक्कर यायची. या वेळी ती थोडा वेळ बाकावर बसली, मग म्हणाली की भूक लागली आहे, खाली काही मिळतं का बघते. मी येते म्हटलं तर म्हणाली, तू इथे थांब, कुणीतरी थांबायला हवं. आणि पर्स घेऊन लिफ्टने गेली.

सगळं ठीक झालं. वडिलांना खोलीत आणलं तेव्हा मीच होते. डोळे उघडून त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, मग पलंगाच्या दुसऱ्या बाजूला.

"आई कुठे आहे तुझी?"

खाली कँटीनमध्ये आहे, मी सांगितलं. पोहे-जलेबी खातेय.

त्यांना ते कळायला वेळ लागला. औषधाच्या गुंगीत असतील म्हणून मी पुन्हा सांगितलं. मग माझ्या वडिलांचा चेहरा पडला, आणि त्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"म्हणजे," ते म्हणाले, "भ्याली नाही ती?"

नाही, मी म्हटलं. त्यांनी माझा हात धरला आणि ती वर येईपर्यंत सोडला नाही.